शेतातील घर : आधी विहीर, मग पाया

शेतावर राहावयास जाण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनात अनेक कारणांनी येतो. गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असते. भावाभावांच्या वाटण्या झाल्या म्हणजे एकाच घरात दोन-तीन संसार मांडावे लागतात. रात्रीच्या पाळीची वीज आली, की पाणी धरण्यासाठी अपरात्री शिवारात जावे लागते. रानडुकरांपासून पीक राखावे लागते आणि गुरांची चिंता तर बारमाही असते. म्हणून एखाद्या वर्षी हाती चार पैसे आले, म्हणजे शेतातच घर बांधावे असे घरातील मंडळी ठरवितात. हा विचार योग्यच आहे.

मात्र घराची जागा कशी ठरते हे पाहण्यासारखे आहे. दिशा पाहिली जाते, मुहूर्त पाहिला जातो, रस्ता कोणत्या बाजूने येईल ते ठरते, विजेचा खांब किती अंतरावर आहे हे पावलांनी मोजले जाते. संडास कोठे येणार व त्याचे पाणी कोठे मुरणार, हा प्रश्न सर्वांत शेवटी आणि तोही बहुधा गवंड्याच्या तोंडून निघतो. मग जी जागा उरली असेल तेथे, म्हणजे घराच्या मागे, खड्डा घेतला जातो. विहीरही पुष्कळदा घराच्या मागेच असते.

शहरातील घराला पाणी नळाने येते व मैलापाणी गटाराने निघून जाते. दोहोंची व्यवस्था घरापासून दूर कोणी तरी पाहत असते. शेतातील घराचे तसे नाही. ज्या जमिनीतून पिण्याचे पाणी उपसावयाचे, त्याच जमिनीत घरातील मैलापाणी सोडावयाचे असते. दोहोंच्या मध्ये फक्त माती व खडक असतो. ती माती किती खोल आहे, पाणी किती वेगाने पिते, आणि भर पावसाळ्यात भूजल किती वर येते, यावर त्या घरातील मुलाबाळांचे आरोग्य अवलंबून राहते. बांधकामाच्या परवानगीतील आरोग्यविषयक अटी याच तीन गोष्टींसाठी आहेत. शेतकऱ्याला त्या जाचक वाटतात, कारण त्यांचे कारण त्याला कोणी सांगत नाही. हातात दिला जातो तो केवळ कागदांचा यादीवजा तक्ता.

परवानगी कोणाची व कशासाठी

आपल्याकडे या सर्व गोष्टींसाठी एकच कार्यालय नाही, ही अडचण मान्य केली पाहिजे. जमिनीचा वापर महसूल खात्याकडे, बांधकाम ग्रामपंचायतीकडे वा नगररचनेकडे, नवी विहीर भूजलाच्या कायद्याखाली, पाण्याची तपासणी आरोग्य खाते व पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळांकडे, अशी ही वाटणी आहे. अर्जदाराने एका दारातून दुसऱ्या दारात जाताना कोणता प्रश्न कोठे विचारावयाचा हे जाणून घेतले, तर बऱ्याच खेपा वाचतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतातील इमारतीची व्याख्या दिलेली आहे. अवजारे, खत, वैरण वा धान्य ठेवणे, गुरांचा निवारा, आणि जमीनधारकाच्या कुटुंबाने, नोकरांनी वा कुळाने राहणे, या कामांसाठी शेतजमिनीवर उभारलेली इमारत या व्याख्येत येते. अशी इमारत उभारण्याचा शेतकऱ्यास सर्वसाधारणपणे अधिकार आहे. तथापि महानगरपालिका व नगरपरिषदांच्या हद्दीत आणि त्यांच्या भोवतालच्या ठराविक पट्ट्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असते आणि तेथे ०.४ हेक्टरपेक्षा लहान धारणेवर ती दिली जात नाही. भाड्याच्या खोल्या, दुकान, मंगल कार्यालय अशा शेतीबाह्य कामासाठी बांधावयाचे असेल तर तो अकृषिक वापर होय. त्यासंबंधीची पद्धत शासनाने २०१४ पासून अनेकदा बदलून सोपी केली आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी वेगळी तरतूदही झाली आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वी ज्याने घर बांधले त्या शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबून न राहता, अर्ज करावयाच्या वेळी लागू असलेला नियम तहसील कार्यालयात विचारून घ्यावा.

बांधकामाची परवानगी ही निराळी गोष्ट आहे. गावातील बांधकामास १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. प्रादेशिक योजना लागू असलेल्या क्षेत्रात गावठाणाबाहेरील बांधकामासाठी १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालील परवानगीचा प्रश्न येतो. सातबारा, जमिनीचा नकाशा व इमारतीचा आराखडा हे कागद दोन्हीकडे लागतात. या आराखड्यात खोल्या, दरवाजे व खिडक्या बारकाईने दाखविलेल्या असतात. विहीर मात्र पुष्कळदा दाखविलेलीच नसते, आणि शेजाऱ्याची विहीर तर कधीच नसते. ग्रामसेवकाने आराखडा हाती घेताच प्रथम हीच उणीव शोधावी.

नवी विहीर वा विंधन विहीर घ्यावयाची असेल तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत कोठे आहे हे आधी पाहावे. अशा स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदू नये, हा निर्बंध राज्याने १९९३ च्या भूजल कायद्याने घातला. पुढे २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम २०१४ मध्ये अंमलात आला. सार्वजनिक स्रोतांना संरक्षण देण्याचे तत्त्व त्यातही आहे. गावाची पाणीपुरवठ्याची विहीर उन्हाळ्यात आटू लागली, म्हणजे या ५०० मीटरच्या रेषेचे महत्त्व सर्वांनाच पटते. त्या वेळी फार उशीर झालेला असतो.

एका तुकड्याचा विचार

उदाहरणादाखल दोन हेक्टरांचा एक तुकडा घेऊ. पूर्वेच्या अंगाने पाणंद जाते व जमीन तेथे उंच आहे. पश्चिमेस ओढा आहे. उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे. विहीर ओढ्याजवळ, सखल भागात. कारण पाणी तेथेच लागले. शेतकऱ्याचा मनोदय घर पाणंदीलगत बांधण्याचा आहे. जागा चांगली आहे: रस्ता जवळ, पुराचे भय नाही, वारा मोकळा. परंतु घराचा शोषखड्डा घराच्या मागे, म्हणजे पश्चिमेस घेतला, तर तो थेट विहिरीच्या डोक्यावर येतो. जमिनीच्या पोटातील पाणीही सामान्यतः वरच्या उताराच्याच दिशेने, ओढ्याकडे सरकत असते.

अशा जागी शोषखड्डा विहिरीच्या सरळ रेषेत न घेता आडव्या अंगास, उत्तर किंवा दक्षिण बाजूस सरकवावा आणि विहिरीपासून होईल तितका दूर ठेवावा. तो निदान किती दूर असावा? विहीर ही संडास वा उकिरड्यापासून १५ मीटर आणि शोषखड्ड्यापासून १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट अंतरावर व चढाच्या बाजूस असावी, असे बांधकामाच्या नियमांत सांगितले आहे. मैलाटाकीविषयीचे भारतीय मानक २४७० हेही पाणी मुरविण्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटरपेक्षा जवळ नसावी असेच सांगते. काही नियमावल्यांत हे अंतर १२ मीटर दिलेले आढळते. ज्याच्याजवळ दोन हेक्टर जमीन आहे त्याने १२ व १८ च्या वादात पडण्याचे कारण नाही. त्याने २५ किंवा ३० मीटर अंतर सोडावे. अंतराची खरी ओढाताण गावठाणाशेजारच्या चार-पाच गुंठ्यांच्या तुकड्यांवर होते. घरापासूनही शोषखड्डा ६ मीटरपेक्षा जवळ नसावा, नाही तर पाया खचण्याचा संभव असतो.

आता बांधापलीकडे पाहू. तेथे शेजाऱ्याची विंधन विहीर आहे. जागेची पाहणी करताना पुढील संवाद कित्येक शिवारांत होत असेल.

“भाऊसाहेब, जमीन माझी, विहीर माझी. माझ्याच विहिरीचं पाणी मी खराब करीन का?” असे घरातील वडीलधारे आबा विचारतात.

“आबा, तुम्ही जाणूनबुजून नाही करणार. पण दक्षिणेला खड्डा घेतलात, तर तो त्यांच्या बोअरपासून तेरा मीटरवर येतो. उद्या त्यांनी वरच्या अंगाला संडास बांधला, तर तो तुमच्या विहिरीच्या डोक्यावर येईल. बांध जमिनीवर असतो, जमिनीखाली नसतो.”

आबांनी उत्तरेची बाजू पाहावयास सुरुवात केली, तर ग्रामसेवकाचे निम्मे काम झाले. शेजाऱ्याचे पाणी बिघडविणे ही केवळ शेजारधर्माची गोष्ट नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे जाणीवपूर्वक दूषित पदार्थ प्रवाहात वा विहिरीत जाऊ देण्यास मनाई आहे. परंतु कायद्याकडे जाण्याची पाळी येऊ नये, यासाठीच पाया आखण्यापूर्वी दोन्ही शेतकऱ्यांनी एकत्र उभे राहून आपापल्या विहिरी व खड्डे एका कागदावर मांडावेत. घर बांधून झाल्यावर याच कारणाने दोन घरांचे बोलणे बंद झालेली उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

उतारासंबंधी एक गोष्ट विसरता कामा नये. विहिरीवरील पंप रब्बीत तासन्‌तास चालला, की विहिरीतील पातळी खोल जाते आणि भोवतालचे भूजल चारही बाजूंनी विहिरीकडे ओढले जाते. अशा वेळी खालच्या अंगाचा खड्डाही विहिरीस पाणी देऊ लागतो. म्हणून ‘खड्डा उताराला आहे, आता अंतर पाहण्याची गरज नाही’ हा समज चुकीचा होय. उतार आणि अंतर दोन्ही सांभाळावे लागतात.

मातीची परीक्षा

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. वर काळी किंवा भुरकी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या किंवा कठीण पाषाण, अशी रचना विहीर खोदणाऱ्यास पाठ असते. यातील प्रत्येक थर पाण्याशी वेगळा वागतो. बारीक कणांची, न भिजलेली माती मैलापाण्यातील रोगजंतू अडवून धरते. अशा मातीचा दोन मीटरांचा थर मिळाला तर बहुतेक जंतू त्यातच नष्ट होतात. पाषाणाच्या भेगा काहीच अडवीत नाहीत. खड्डा मुरमातून खाली उतरून भेगाळ पाषाणाला भिडला, तर मैलापाणी गाळून न निघता दूरवर जाऊ शकते, आणि मग १८ मीटर हे अंतरही पुरेसे ठरत नाही. कोकणातील जांभ्या दगडात पोकळ्या व नळ्या असतात. तेथेही हेच भय. म्हणून शोषखड्डा घेताना कठीण वा भेगाळ खडक लागला, तर आणखी खोल जाण्याचा हट्ट न धरता तेथेच थांबावे व दुसरी जागा पाहावी.

काळ्या जमिनीची अडचण उलट आहे. ही माती भिजली म्हणजे फुगते व पाणी पिण्याचे जवळजवळ थांबते. वाळली म्हणजे भेगाळते. मे महिन्यात अशा जमिनीत खड्डा घेऊन घागरभर पाणी ओतले, तर ते बघताबघता नाहीसे होते आणि गवंडी म्हणतो, जमीन उत्तम मुरविते आहे. ते पाणी मातीने प्यालेले नसते, भेगांतून निघून गेलेले असते. आषाढात तोच खड्डा काठोकाठ भरतो व घाण अंगणात येते. शेतातील घरांच्या शोषखड्ड्यांविषयीच्या तक्रारी पावसाळ्यात येतात, त्याचे हेच एक मोठे कारण आहे.

खरी परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. ज्या खोलीवर पाणी मुरवावयाचे आहे तेथपर्यंत १० ते ३० सेंटीमीटर रुंदीचे एक भोक घ्यावे. पहारीने वा फावड्याने गुळगुळीत झालेल्या त्याच्या बाजू खरवडून मोकळ्या कराव्यात, सुटी माती काढावी आणि तळाशी ५ सेंटीमीटर जाडीचा वाळूचा वा बारीक खडीचा थर द्यावा. मग खडीच्या वर निदान ३० सेंटीमीटर येईल इतके पाणी भरावे व रात्रभर भिजू द्यावे. काळ्या जमिनीत हे भिजविणे हाच परीक्षेचा प्राण आहे. भेगा मिटून माती फुगेपर्यंत माप घेण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी पाणी खडीवर १५ सेंटीमीटर राहील असे करावे आणि दर अर्ध्या तासाने ते किती उतरले हे पट्टीने मोजून पुन्हा भरावे. चार तासांपर्यंत असे करून शेवटच्या अर्ध्या तासाचे माप हिशेबात धरावे.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या अर्ध्या तासात पाणी ५ सेंटीमीटर उतरले, तर अडीच सेंटीमीटर उतरण्यास १५ मिनिटे लागली असे होते. अडीच सेंटीमीटरला ३० मिनिटांपर्यंत वेळ लागत असेल तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० मिनिटे लागत असतील तर शोषखड्डा घेऊ नये. उथळ व लांब शोषचर घ्यावेत, म्हणजे पाणी अधिक जमिनीवर पसरते. एका तासातही अडीच सेंटीमीटर उतरले नाही, तर त्या जमिनीत मैलापाणी मुरविण्याचा नाद सोडून गाळणटाकीसारखी अन्य व्यवस्था करावी आणि त्यासाठी पंचायत समितीच्या अभियंत्यांचा सल्ला घ्यावा. या परीक्षेस खर्च जवळजवळ नाही. लागतात ते दोन दिवस. लाख-दोन लाखांचे बांधकाम करणारा माणूस हे दोन दिवस वाचवू पाहतो, याचे नवल वाटते.

भूजलाच्या पातळीचेही असेच आहे. विहीर मे महिन्यात पाहिली तर पाणी आठ-दहा मीटर खाली असते. पावसाळ्याच्या अखेरीस तेच पाणी हाताला येण्याइतके वर आलेले असते. खड्ड्याच्या तळाचा विचार या पावसाळी पातळीवरून करावयाचा असतो. तळ आणि ती पातळी यांत निदान दोन मीटर अंतर राहिले पाहिजे. पावसाळी पाणी जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल, तर खोल खड्डा मुळीच घेऊ नये. भरावाच्या उंचवट्यात शोषचर काढावेत. घर उन्हाळ्यात बांधावयाचे असले, तरी विहिरीची पातळी मागील सप्टेंबर अखेरीस पाहून नोंदवून ठेवावी. विहिरीच्या आतल्या बांधकामावर पाण्याची रेघ उमटलेली असते, तीही पुष्कळ सांगून जाते.

टाकी की दोन खड्डे

‘सेप्टिक टँक’ या नावाने शेतांत जे बांधले जाते, त्यातील पुष्कळ बांधकामे मैलाटाकी नसून नुसते मोठे खड्डे असतात. टाकी मोठी, तळ मोकळा. म्हणजे ती कधी भरत नाही व उपसावी लागत नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. ती भरत नाही याचा अर्थ तिच्यातील सर्व काही खालच्या भूजलात जात आहे असा होतो. खऱ्या मैलाटाकीचा तळ व बाजू पाणी न झिरपणाऱ्या असतात, मैला आत स्थिरावून कुजतो आणि वरचे निवळ पाणी तेवढे शोषखड्ड्यात जाते. हे पाणी डोळ्यांना निवळ दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. टाकीचे पाणी परस्पर ओढ्यात किंवा शेताच्या चारीत सोडणे म्हणूनच घातक होय.

टाकी फार मोठी लागत नाही. पाच माणसांच्या कुटुंबास १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद व पाण्याची खोली सुमारे १ मीटर, एवढी टाकी भारतीय मानकाप्रमाणे पुरते. पाण्याच्या वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवावी. ठराविक काळाने ती उपसावी लागते. तेव्हा उपसा करणाऱ्या गाडीस तेथवर पोहोचता येईल अशी वाट आणि टाकीला झाकण पहिल्यापासून असावे. टाकीत माणूस उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीतील विषारी वायूने उतरणारा बेशुद्ध पडतो व त्याला काढण्यासाठी उतरलेला दुसराही तेथेच राहतो. घरातील कर्त्या मुलाने ‘आपलीच टाकी आहे’ म्हणून उतरण्याचे धाडस कधीही करू नये.

एका कुटुंबासाठी शेतात याहून सोयीचा प्रकार दोन शोषखड्ड्यांच्या संडासाचा आहे. एक खड्डा वापरात असतो. तो दोन-तीन वर्षांनी भरला, म्हणजे मधल्या चौकटीतील मार्ग बदलून दुसरा सुरू करावयाचा. बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, वास नसलेले खत बनते व ते शेतात घालता येते. मात्र दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरले, किंवा दोहोंत निदान एक मीटर अंतर ठेवले नाही, तर सर्व योजना फुकट जाते. एका खड्ड्याचे पाणी दुसऱ्यात झिरपत राहते. मैल्याचे खत करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी तिचा प्रचार आयुष्यभर केला. ज्या काळी या विषयावर चारचौघांत बोलणेही लोकांना नको वाटे, त्या काळी त्यांनी हे काम केले.

न्हाणी व स्वयंपाकघराचे पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडू नये. ते वेगळे काढून परसातील केळी, अळू, पपई यांना द्यावे किंवा लहानशा वेगळ्या शोषखड्ड्यात मुरवावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे शोषखड्डे घेऊन उघड्या गटारांचा व डासांचा प्रश्न सोडविला, हे अनेकांनी ऐकलेच असेल.

विहिरीची बाजू

शोषखड्डा कितीही दूर नेला, तरी विहीर उघडी असेल तर उपयोग नाही. पिण्याच्या विहिरीस जमिनीपासून निदान १ मीटर उंच कठडा हवा, भोवती १.८ मीटर रुंदीचा पक्का ओटा हवा आणि आतील बांधकाम वरच्या १.८ मीटरपर्यंत झिरप न होणारे असावे. पावसाचे अंगणातील व गोठ्यातील पाणी आत शिरू नये, हाच हेतू. विहिरीवर झाडाची फांदी येऊ देऊ नये; पाने व पक्ष्यांची घाण त्यात पडते. विंधन विहिरीचे बाहेरील नळकांडे जमिनीच्या वर राहावे व त्याच्या भोवतीची पोकळी सिमेंटने बुजवावी. पुष्कळ ठिकाणी पहिल्या पावसाचे गढूळ पाणी याच पोकळीतून खाली उतरते.

शेणखड्डा व गोठा यांचाही विचार विहिरीच्या संदर्भातच करावा. गोठ्याचे मूत, शेणखत आणि शेतातील नत्रखत यांतून नायट्रेट भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. अधिक असल्यास वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बालकास धोका असतो. त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही व अंग निळसर पडते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढतेच. ज्या घरात बाळंतपण होणार आहे तेथील विहिरीचे पाणी या दृष्टीने अवश्य तपासून घ्यावे.

वरील उदाहरणातील शेतकऱ्यास आणखी एक मार्ग मोकळा आहे. ओढ्याकाठची जुनी विहीर ओलितासाठी ठेवावी आणि पिण्यासाठी घराच्या वरच्या अंगास विंधन विहीर घ्यावी. त्यास खर्च येतो, परवानगीचा प्रश्न येतो आणि पाणी लागेलच असेही नाही. गावाची नळयोजना वस्तीपर्यंत येण्यासारखी असेल, तर आधी ती पाहावी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी पिण्याजोगे नसल्याने बाहेरून पाणी आणण्यावाचून गत्यंतर नसते. तेथेही शोषखड्ड्याचे नियम लागू राहतातच.

शेतावर ऊसतोडणीची टोळी उतरत असेल, किंवा कृषी पर्यटनासाठी खोल्या काढावयाच्या असतील, तर सारा हिशेब माणसांच्या संख्येवर पुन्हा मांडावा लागतो. पाच माणसांची टाकी तीस माणसांना पुरत नाही. पाहुण्यांना जेवण विकत द्यावयाचे असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीही करावी लागते. मोठे कुक्कुटपालन वा मोठा गोठा काढावयाचा असल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांची चौकशी शेड उभारण्यापूर्वी करावी.

घर आधीच बांधले असेल तर

ज्यांचे घर झाले आहे व खड्डा विहिरीजवळच आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. पण स्वस्थही बसू नये. प्रथम अंतर मोजावे व पाणी तपासून घ्यावे. दोष आढळल्यास, खड्डा हलविला जाईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून वा क्लोरिन घालून वापरावे. जुना खड्डा बंद करून आडव्या अंगास दोन खड्ड्यांचा संडास बांधणे हा सामान्यतः सर्वांत कमी खर्चाचा उपाय ठरतो. जुन्या खड्ड्यावर माती लोटून तो विसरून जाऊ नये. आधी तो उपसवून घ्यावा.

गावात आरोग्य खात्याचे पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबरमध्ये होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. ते सार्वजनिक स्रोतांसाठी असते. शेतातील खाजगी विहिरी त्यात येत नाहीत. ग्रामसेवकाने व जलसुरक्षकाने त्याच दिवसांत वस्त्यांवरील पिण्याच्या विहिरींचे नमुनेही गोळा केले, तर फारसे अधिक श्रम पडणार नाहीत. जंतुतपासणीचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, थंड ठेवावा आणि २४ तासांच्या आत पोहोचवावा. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू मुळीच आढळता कामा नयेत असे मानक आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर घेतलेला नमुना सर्वांत बोलका असतो. बाटलीवर गट क्रमांक, तारीख व वेळ लिहावी, आणि नोंदवहीत त्याच ओळीत विहिरीपासून शोषखड्ड्याचे अंतर मीटरमध्ये मांडावे.